मोकळी चौकट आणि रिकामी चौकट: धुक्यातल्या भातशिवाराची छायाचित्रे व झेन चित्रदृष्टी

शिवारवाट (खानापूर)

सर्वांना नमस्कार. गेल्या चार पावसाळ्यांपासून मी जांबोटी ते कणकुंबी रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या भातशिवारांत छायाचित्रे काढतो आहे. लावणी उरकली की खाचरांत घोटाभर पाणी उभे असते, घाटाकडून चढून आलेले धुके सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत हलत नाही, आणि एरवी गजबजलेले वाटणारे तेच शिवार एकदोन झाडांपुरते आणि एखाद्या बांधाच्या रेघेपुरते उरते. हे दृश्य पाहताना मला जपानी शाईचित्रांची आठवण होते, म्हणून झेन या ध्यानप्रधान बौद्ध परंपरेतील निसर्गचित्रे आणि तिच्या प्रभावाखाली काम करणाऱ्या छायाचित्रकारांची कामे मी जमेल तशी पाहत आलो. मायकल केन्ना यांनी होक्काइदोच्या बर्फात काढलेली चौरस कृष्णधवल छायाचित्रे, ज्यांत एखादे कुंपण किंवा एखादे झाड असते आणि बाकी सारे पांढरे असते, ती समोर ठेवून मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत.

यंदा निवडक बारा छायाचित्रे छापून मी बेळगावातील एका लहानशा प्रदर्शनात मांडली. त्यांपैकी एकात बांधावरची एकटी जांभूळ आहे, तिच्या पायथ्याशी पाणी आहे आणि मागे धुके. एक वयस्क गृहस्थ त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, ‘‘बाळा, ह्यात काय न्हाईच की रे. रान रिकामं दिसतंय.’’

त्यांचे बोलणे मनाला लागले, पण खोटे वाटले नाही. घरी आल्यावर मी बाराही छापे भिंतीला टेकवून ओळीने मांडले आणि दोन दिवस येता-जाता पाहत राहिलो. तीन-चार चित्रांत मोकळेपणा आहे असे मला आजही वाटते. त्यांच्यासमोर श्वास सैल होतो. उरलेल्या चित्रांत मात्र नुसते रिकामपण आहे. मोजायला गेल्यास दोन्हींत वस्तू तितक्याच कमी आहेत, जागा तितकीच कोरी आहे. मग हा फरक कशाने पडतो, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. त्या जांभळीच्या उजवीकडे विजेचे खांब आहेत आणि ते मी संगणकावर पुसून टाकले आहेत. ते गृहस्थ ज्या चित्रासमोर थांबले, ते नेमके हेच चित्र. झेन चित्रांतला साधेपणा असा पुसून मिळवता येतो का?

शाईदौत (बेळगाव)

शिवारवाट यांस सप्रेम नमस्कार. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि जपानी शाईचित्र हा माझा फार जुना जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

‘ध्यान’ हा आपलाच शब्द चीनमध्ये ‘चान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’ झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. या परंपरेच्या चित्रांतील कोऱ्या जागेला जपानी भाषेत ‘योहाकू’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘उरलेले पांढरे’ असा होतो, आणि त्यातल्या ‘उरलेले’ या शब्दावर माझा भर आहे. आधी काहीतरी नेमके मांडले जाते आणि त्या मांडण्यामुळे जे पांढरे उरते, त्याला अर्थ येतो. कागद कोरा सोडणे कोणालाही जमते, पण त्या कोऱ्याला धुके व्हायला लावणे हे चित्रकाराचे काम आहे.

जपानी चित्रकार हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) यांचे ‘पाइन वृक्ष’ हे घडीच्या पडद्यांवरील चित्र तुम्ही पाहिले असेलच, पण माझ्या विनंतीवरून पुन्हा एकदा पाहा. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेले हे काम सहा-सहा फळ्यांच्या दोन पडद्यांचे आहे आणि प्रत्येक पडदा साडेतीन मीटरहून रुंद आहे. एवढ्या विस्तारात झाडांचे चार घोळके आहेत आणि बाकी कागद. पुढची झाडे इतक्या जोरकस, खरबरीत फटकाऱ्यांनी काढली आहेत की जवळून पाहिल्यास ती झाडे न राहता नुसते काळे ओरखडे होतात. त्यांच्या शेजारची झाडे त्याच शाईत पाणी वाढवून काढली आहेत, आणि त्यांच्याही मागची तर अशी की आहेत की नाहीत याची शंका यावी. या गडद झाडापासून त्या फिकट झाडापर्यंत नजर जाते तेव्हा मधला कोरा कागद तिला ओलांडावा लागतो, आणि ओलांडताना तो कागद धुके होतो. तिथे एकच गडद झाड असते तर मागचे पांढरे हे पांढरेच राहिले असते, चुना लावलेल्या भिंतीसारखे.

तुमच्या जांभळीच्या चित्रात हेच झाले असावे असे मला वाटते. एक गडद वस्तू आहे आणि मग एकदम काहीच नाही. नजरेला पुढे जायला दुसरी पायरी नाही. ज्या तीन-चार चित्रांत तुम्हाला मोकळेपणा जाणवतो, त्यांत मागे कुठेतरी फिकट बांध, फिकट झाड किंवा पाण्यातले अर्धवट प्रतिबिंब आहे का, ते कृपया तपासून पाहा. काळ्या शाईत पाच रंग असतात असे चिनी चित्रकार म्हणत आले, ते याच अर्थाने.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मुलांना शिकवताना मला शेतकऱ्यांच्या भाषेतच सांगावी लागे. ओल्या कागदावर शाई फार लवकर टेकवली तर ती वाहून जाते, उशीर झाला तर कडक कडा उमटते. मधे एक घटका अशी येते की कागदाला वाफसा आलेला असतो, आणि तेव्हा टेकवलेला कुंचला आपोआप धुक्यात विरतो. जपानी चित्रकार सेश्शू तोयो यांनी १४९५ साली, वयाची पंचाहत्तरी गाठत असताना काढलेले ‘फेकल्या शाईचे’ निसर्गचित्र अशाच घटकेचे आहे. दूरचे डोंगर म्हणजे दोन-तीन पुसट डाग आहेत, आणि खालच्या बाजूस मोजक्या रेघांत छप्पर आणि नावेत बसलेली दोन माणसे आहेत. शिवारातही असा वाफसा येत असणार. धुके फार दाट असताना सगळेच हरवते, फार विरळ झाले की सगळेच दिसू लागते. त्या दोहोंमधली काही मिनिटे तुमची आहेत.

आपल्याकडचेही एक उदाहरण द्यावेसे वाटते. नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांना झेन विचाराची ओढ होती आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन सुरू झाले. त्यांच्या कॅनव्हासकडे घाईने पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. प्रत्यक्षात रूळ आणि रंगसुरी वापरून थरावर थर चढवलेले आणि उतरवलेले असतात, आणि वर्षभरात त्यांच्या हातून मोजकीच चित्रे पूर्ण होत. तिथले मोकळेपण किती कामातून आले आहे, हे डोळे स्थिरावल्यावरच कळते.

खांबांविषयी मी आज लिहीत नाही, कारण माझे मत अजून बनलेले नाही.

काळीमाती (चिकोडी)

नमस्कार. शाईदौत सरांचे उत्तर वाचून पुष्कळ गोष्टी उलगडल्या. मात्र एक सांगणे भाग आहे. साधेपणाचा विषय निघाला की आपण लगेच धुक्याकडे आणि खानापूरच्या जंगलाकडे धाव घेतो. आमच्या चिकोडी-निपाणीच्या भागात ऊस, तंबाखू आणि काळी जमीन आहे, उन्हाळ्यात धुक्याचा मागमूस नसतो. तरीही मला तिथे हीच दृष्टी साधते असा माझा अनुभव आहे.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो हे १९८० पासून समुद्राची छायाचित्रे काढत आले आहेत. प्रत्येक चौकटीत अर्धे पाणी, अर्धे आकाश आणि बरोबर मध्यावर क्षितिज असते. नाव नाही, किनारा नाही, पक्षीही नाही. ती पाहिल्यावर मी एप्रिल-मे महिन्यांत नांगरटीचे रान तसेच चौकटीत घेऊ लागलो, खाली ढेकळांची काळी जमीन आणि वर आकाश. पहिली कित्येक चित्रे फसली, कारण मी ती भर दुपारी काढत होतो. सूर्य डोक्यावर असताना ढेकळांना सावली नसते आणि सगळी जमीन एकाच रंगाची, मेलेली दिसते. सकाळी सात वाजता मात्र प्रत्येक ढेकळाला एक उजेडाची आणि एक सावलीची बाजू असते, आणि अख्खे रान हलक्या लाटांसारखे उठून येते. तेव्हा ‘काहीच नसलेली’ जमीन पाहायला अर्धा तासही पुरत नाही.

क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातील दगडांच्या बागेत पांढऱ्या खडीवर पंधरा दगड आहेत, आणि पुढच्या पडवीत कुठेही बसले तरी त्यांतला किमान एक नजरेआड राहतो. मला त्या दगडांपेक्षा खडी अधिक जवळची वाटते. तिथले भिक्षू दाताळ्याने तिच्यावर रेघा ओढतात आणि त्या मोडल्या की पुन्हा ओढतात. रान कुळवल्यानंतर उमटणाऱ्या रेघा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला ती कोरी खडी रिकामी वाटणार नाही.

गोकाकच्या धबधब्यावरही मी हाच प्रयोग केला. घटप्रभा तिथे बावन्न मीटर खाली कोसळते, आणि भर पावसाळ्यात तांबडे पाणी, झुलता पूल आणि माणसे यांत चौकट भरून जाते. मी कॅमेरा धबधब्यावरून काढून उलट्या बाजूच्या काळ्या कड्यावर नेला, जिथे उडालेले तुषार वाऱ्याने येऊन पुन्हा विरतात. धबधबा चौकटीत नाही, पण पाहणाऱ्याला तो ऐकू येतो, असे दोघातिघांनी आपणहून सांगितले.

प्रकाशमापक (बेळगाव)

मी छपाईचे काम करतो, त्यामुळे केवळ तांत्रिक बाजू मांडतो. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच असण्याचा संभव आहे.

कॅमेऱ्याचा मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, म्हणून धुके मळकट येते, आणि म्हणूनच आपण सगळे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) किंवा त्याहून थोडे अधिक एक्स्पोजर वाढवतो. तेवढे योग्य आहे. चूक पुढे होते. संगणकावर धुके ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात ते २५५ या टोकापर्यंत (उजळपणाच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर पूर्ण पांढरे) नेले जाते, आणि तिथे छपाईयंत्र कागदावर शाईचा एक थेंबही टाकत नाही. छाप्यात त्या ठिकाणी धुके नसते, उघडा कागद असतो, आणि तिरक्या उजेडात धरल्यास ते भोकासारखे दिसते. धुक्याचा सर्वांत उजळ भाग २४० ते २४५ च्या आसपास थांबवा. डोळ्याला तो पांढराच दिसेल, पण कागदावर शाईची झाक राहील आणि तेवढ्यानेच हवा असल्याचा भास होतो. चकचकीत कागदापेक्षा सुती, बिनचकाकीचा कागद या कामाला अधिक मानवतो.

दीर्घ एक्स्पोजरविषयीही, म्हणजे कॅमेऱ्याचे झडप कित्येक सेकंद उघडे ठेवण्याविषयीही, एक सूचना आहे. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची गडद काच) प्रकाश सुमारे हजार पटीने कमी करतो, म्हणजे १/६० सेकंदाचे काम सोळा-सतरा सेकंदांवर जाते. समुद्र आणि तलाव यांवर त्याचा परिणाम सुंदर होतो. भातखाचरांत मात्र तरव्याची पाती वाऱ्याने हलून हिरवा चिखल होतो, आणि धुक्याचे जे पदर सरकत असतात ते एकमेकांत मिसळून सपाट पडदा बनतो. तुमच्या रिकाम्या वाटणाऱ्या चित्रांपैकी किती अशी काढलेली आहेत, ते पाहावे.

डोंगरकूस (कणकुंबी)

शिवारवाट दादा, मी कणकुंबीजवळच्या वाडीत वाढले आणि आता नोकरीनिमित्त बेळगावात राहते. तुम्ही ज्या शिवारांविषयी लिहिले आहे त्यांत आमचेही चार तुकडे आहेत, म्हणून लिहिण्याचा धीर करते.

मलप्रभा आमच्या गावी उगम पावते, पाऊस तिथे महिना-महिना उघडत नाही, आणि ज्याला तुम्ही सर्वजण धुके म्हणता त्याच्यात आम्ही राहतो. त्या धुक्यात माझी आई इरले पांघरून दिवसभर वाकून लावणी करत असे, आणि संध्याकाळी चुलीजवळ बसून पायांना चिकटलेले जळू काढत असे. त्यामुळे शिवाराची छायाचित्रे ‘शांत’ म्हणून दाखवली जातात तेव्हा मला नेहमी वाटते की त्यांत आमचे शिवार आहे, पण शिवारातले कोणी नाही. हे तक्रार म्हणून घेऊ नये. तुमची चित्रे मी प्रदर्शनात पाहिली आहेत आणि पाण्यातल्या बांधाचे जे एक चित्र होते, त्याच्यासमोर मला आमच्या खाचराचा वास आला.

चिनी-जपानी चित्रांचे मला फारसे ज्ञान नाही, पण सरांचे उत्तर वाचल्यावर शोधता शोधता एक चित्र सापडले. हिवाळी तळ्यात एकटाच गळ टाकून बसलेल्या कोळ्याचे ते चित्र परंपरेने चिनी चित्रकार मा युआन यांचे मानले जाते आणि तेही टोकियोच्याच संग्रहालयात आहे. रेशमावर एक नाव, एक माणूस, नावेलगत लाटांच्या चार-सहा रेघा, आणि बाकी काही नाही. पण तो माणूस पुढे झुकला आहे, कारण त्याचे लक्ष गळाच्या दोरीवर आहे, आणि त्याच्या भाराने नाव एका टोकाला किंचित कलली आहे. चित्रात पाणी जवळजवळ काढलेलेच नाही. ते त्या कलण्यावरून कळते. सरांनी सांगितलेल्या सेश्शूंच्या चित्रातही छप्पर आहे आणि माणसे आहेत. या चित्रकारांनी डोंगर पुसट केले, पण राबणाऱ्या माणसाची खूण पुसली नाही, असे मला दिसते.

आता तुमच्या जांभळीविषयी. ती तिथे एकटी आहे, कारण बांधावरची बाकीची झाडे सावलीने पीक मारतात म्हणून काढली गेली आणि ही न्याहारीला बसण्यासाठी राखली गेली. तिच्या बुंध्याशी एक सपाट दगड आहे, त्यावर भाकरीची फडकी सोडली जातात. आणि तुम्ही पुसलेले खांब आमच्या वाडीला वीज घेऊन येतात. पावसाळ्यात एखादा खांब आडवा झाला की सगळी वाडी आठ-आठ दिवस अंधारात असते, तेव्हा त्या रांगेकडे आमचे डोळे कसे लागलेले असतात, ते तुम्हाला सांगता येणार नाही. चित्रात ते ठेवावेत की नाही हे तुमचे तुम्ही ठरवावे. पण ते नेमके काय आहेत, हे तुम्हाला माहीत असावे असे वाटले.

शाईदौत (बेळगाव)

डोंगरकूस ताईंचे लिखाण दोनदा वाचले. खांबांविषयी माझे मत आता बनले आहे आणि ते थोडक्यात लिहितो. चित्रकार जेव्हा एखादी गोष्ट गाळतो तेव्हा त्याने ती कागदावर आणलेलीच नसते, म्हणून तिच्या जागी जे पांढरे राहते ते पहिल्यापासून त्या चित्राचेच असते. छायाचित्रकाराने पुसलेल्या जागी मात्र यंत्राने आजूबाजूचे पाहून भरलेले ठिगळ असते. तिथल्या धुक्यावर कधी उजेड पडलेला नसतो. ज्याला खांब नको असेल त्याने दहा पावले चालावे, गुडघ्यावर बसावे, लांब पल्ल्याची लेन्स लावावी किंवा धुके दाट होण्याची वाट पाहावी. हे सर्व गाळण्याचेच प्रकार आहेत आणि सर्व प्रामाणिक आहेत.

शिवारवाट (खानापूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण मधे दोन वेळा जाऊन आलो.

प्रथम प्रकाशमापक यांची शंका खरी ठरली, हे नोंदवतो. रिकाम्या वाटणाऱ्या आठ चित्रांपैकी पाच दीर्घ एक्स्पोजरची निघाली, आणि सहांमध्ये धुके पूर्ण पांढऱ्यावर नेलेले होते. ज्या चित्रांत मला मोकळेपणा वाटत होता, त्या प्रत्येकात सरांनी म्हटल्याप्रमाणे मागे एखादी फिकट पायरी सापडली. एकात ती इतकी पुसट आहे की ऐनाचे झाड तिथे असल्याचे मलाच आजवर ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी जांभळीच्या चित्राची मूळ, न पुसलेली प्रत काढून पुसलेल्या प्रतीशेजारी ठेवली, आणि बराच वेळ काही सुचले नाही. जांभूळ गडद आहे. तिच्या उजवीकडचा पहिला खांब तिच्याहून फिकट आहे, त्याच्या मागचा दुसरा त्याहून फिकट आहे, तिसऱ्याचा वरचा आडवा दांडाच तेवढा दिसतो, आणि त्यापुढे तारांच्या दोन रेघा धुक्यात जाऊन विरतात. तोहाकूंच्या पडद्यात नजर ज्या पायऱ्यांनी आत जाते त्या माझ्या चौकटीत आयत्या होत्या, आणि मी स्वतःच्या हाताने त्या एकेक करून काढून टाकल्या होत्या.

परवा पहाटे पुन्हा त्याच बांधावर गेलो. या वेळी खालच्या बाजूला, खाचराच्या कडेशी बसून चौकट लावली, आणि ताईंनी सांगितलेला सपाट दगड जांभळीच्या बुंध्याशी दिसेल इतपत उजवीकडे सरकलो. चार वर्षे मी त्या झाडाची चित्रे काढत होतो आणि तो दगड माझ्या नजरेला पडलेला नव्हता. साधारण पावणेआठला धुके किंचित सैल झाले, तीन-चार मिनिटे खांबांची रांग उमटली आणि पुन्हा गेली. तेवढ्यात सात छायाचित्रे झाली, फिल्टर न लावता. त्यांतले एक काल सुती कागदावर छापून घेतले आहे. धुके एका प्रतीत २४५ वर ठेवले आहे आणि दुसरीत २३८ वर. पहिलीत तिसरा खांब शोधावा लागतो, दुसरीत तो सहज दिसतो. माझे मन अजून दोहोंत अडकलेले आहे. दोन्ही प्रती इथे जोडतो आहे, कृपया पाहून सांगावे.